तलावाला दिलेली माती

कडूबा सांडूच्या शेतात गावातली सगळ्यात चांगली काळी माती होती. हे कडूबा स्वतः कधी म्हणाला नाही. म्हणायची गरजच पडली नाही. करमाडच्या आतल्या अंगाला दोन कोसांवरचं ते गाव, शिवार सगळं मुरमाड. नांगर घातला की फाळ खडखडायचा. ओढ्याच्या वरच्या काठाला कडूबाचं तेवढं एक रान असं होतं की उन्हाळ्यात त्याच्या भेगांत विळा पडला तर हात घालून शोधावा लागायचा, आणि पावसाळ्यात तिथून चालणाऱ्याची पायताणं चिखलातच राहायची. चिकण माती. आडव्या तिडव्या पावसालाही हाताशी काहीतरी देणारी.

कुणाचा बांध फुटला, विहिरीच्या काठाला भगदाड पडलं, नवी चूल घालायची झाली की लोक कडूबाकडं यायचे. मातीला नाही म्हणायचं नाही, अशी त्या गावची रीत होती. रीतीची दुसरी बाजू अशी की माती नेणाऱ्यानं पुढच्या पेरणीच्या आत त्या खड्ड्यात शेणखत आणून ओतायचं. हे कुणी कुणाला सांगत नसे. मागून घेणं तर फारच हलकेपणाचं. कडूबाच्या आजानं माती दिली, बापानं दिली, आणि खड्डा कधी उघडा राहिला नाही. त्यामुळं कडूबाला रीत म्हणजे ऊन-पावसासारखी वाटायची. ती आपली आपण चालते, अशी त्याची समजूत होती.

बहात्तर साली पाऊस आला नाही. विहिरी तळाला गेल्या, गुरं छावणीला गेली, माणसं रेशनच्या लाल मिलोवर, अमेरिकेतून आलेल्या ज्वारीवर आली. मग सरकारनं गावाच्या ओढ्यावर पाझर तलावाचं काम काढलं. ओढ्याला आडवी मातीची पाळ घालायची, पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरवायचं आणि विहिरींना पाझर फोडायचा. गावाला काम मिळालं, तेवढ्यानंच लोकांच्या जिवात जीव आला. तलावाचं पुढचं पुढं.

कामावर वैजनाथ नावाचा ओव्हरसिअर होता. औरंगाबादचा, ब्राह्मणाघरचा, नुकताच नोकरीला लागलेला. उन्हानं नाकाची सालं निघालेली, पण सावलीत बसून हुकूम सोडणारा नव्हता. पाळीच्या पोटात काळ्या मातीचा गाभा भरावा लागतो, नाहीतर पाणी मुरमातून निघून जातं, म्हणून तो शेताशेतातून फिरत होता. माती भिजवायची, तळहातावर तिची वात वळायची. इतरांच्या शेतातली वात मोडायची. कडूबाच्या शेतातली त्यानं बोटाभोवती गुंडाळली आणि ती अंगठीसारखी बसली.

"असली माती आख्ख्या तालुक्यात घावायची नाय, सायेब," सरपंच आप्पासाहेब म्हणाले. पाळीच्या खालच्या अंगाला त्यांचीच जमीन होती.

वैजनाथ कडूबाला म्हणाला, "मामा, ही माती मिळाली तर पाळ पिढ्यान्‌पिढ्या हलायची नाही. तुमची हरकत नसेल तर..."

"न्या की," कडूबा म्हणाला. "मातीला कोन नाय म्हनतं?"

वैजनाथनं त्याचा हात हातात घेतला. कडूबानं त्याआधी तो घाईघाईनं धोतराला पुसला होता. सगळ्या लोकांसमोर सरकारनं आपल्या मातीची तारीफ केली, या आनंदात तो दिवसभर गावात विनाकारण फिरला. पारावर थांबला, पिठाच्या गिरणीवर थांबला, दळायला काही नसताना.

घरी वच्छलाबाई मिलो पाखडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

"किती नेनार?"

"लागंल तेवढी."

"लागंल तेवढी म्हंजे? बांधाला दोन गाड्या लागत्यात. ही पाळ आख्ख्या वढ्याला आडवी हाय."

"मंग खत बी तेवढंच टाकतील. सरकार हाय ते. सरकारला काय कमी?"

"इचारलं का तुमी?"

"मागायचं आसतं व्हय?" कडूबा चिडलाच. "येडी का खुळी तू!"

कोपऱ्यात कडूबाची म्हातारी आई, भागूबाई, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "निजामाच्या राजात लेवीवाले आले अन् खळ्यावरची ज्वारी उचलून घेऊन गेले. तुह्या बापाला दिवसभर चावडीम्होरं उनात उभं केलं. पर माती कुनी नाय नेली, बाबा."

"माय, ते राज गेलं. हे आपलं सरकार हाय."

"आपलं हाय म्हनूनच भेव वाटतं," म्हातारी म्हणाली. "आपल्या मानसाला नाय म्हनता येत नाय."

कडूबानं तिकडं पाठ केली आणि पाणी प्यायला. पाणी टँकरचं होतं, त्याला रॉकेलचा वास यायचा.

संक्रांतीनंतर खोदाई सुरू झाली. ज्यांचं शेत त्यांनाच तिथं काम द्यावं, जवळही पडेल, असं वैजनाथला वाटलं. त्यात त्याची माया होती, हे खरंच. पण त्यामुळं झालं असं की कडूबा, वच्छलाबाई आणि त्यांचा पोरगा बन्सी हे तिघं मजुरीवर स्वतःचंच शेत खोदायला लागले.

आधी वरचा, धसकटांसकट असलेला हातभर थर खरवडून बाजूला रचला. तो पाळीच्या बाहेरच्या उतारावर पसरायचा होता, म्हणजे गवत धरेल आणि पावसानं पाळ चिरणार नाही. मग खालची चिकण. कडूबा कुदळ मारायचा, बन्सी फावड्यानं घमेलं भरायचा, वच्छलाबाई डोक्यावर घेऊन बायांच्या रांगेत चालायची. पाळीवर ओतायची, परत यायची. बायांच्या डोक्यावरचे केस चुंबळीच्या जागी विरळ झाले होते. माती वाळलेली, दगडासारखी. घाव बसला की कडूबाच्या दंडातून खांद्यापर्यंत झिणझिणी जायची. बावीस वर्षांच्या बन्सीचे तळहात फुटले, त्यावर त्यानं गोधडीची चिंधी बांधली. रात्री ती चिंधी पाण्यात भिजवून सोडवावी लागायची.

खोदलेल्या जागेचं माप घ्यायला मधेमधे मातीचे खांब तसेच उभे ठेवत. खांबाच्या उंचीवरून खड्डा किती खोल गेला ते कळायचं आणि त्यावर मजुरी ठरायची. शेत खाली खाली गेलं आणि खांब वर राहिले. त्यांच्या माथ्यावर मूळ जमिनीचा तुकडा होता. एका खांबावर तुरीचं खुंट होतं. वच्छलाबाई त्याच्या शेजारून जाताना मान वर करून बघायची, कारण आपण वावरात कुठं उभ्या आहोत हे आता त्याच्यावरूनच कळायचं.

दुपारी सगळे बाभळीखाली बसले की वैजनाथही डबा घेऊन तिथं यायचा. एकदा कडूबानं त्याला विचारलं, "सायेब, येवढ्या मानसाला सरकार पगार देतं. त्येच्याकडं येतो कुठून येवढा पैका?"

"करातून येतो. लोक भरतात तो."

"आमी शेतसारा भरतो तो?"

"तोही. आणि तुम्ही काडीपेटी घेता, रॉकेल घेता, त्यातही सरकारचा वाटा असतो."

वच्छलाबाईनं भाकरीचा घास तसाच धरला. "म्हंजे मी बी सरकारला देती?"

"देता तर. रोज चूल पेटवता ना?"

बाया हसल्या. वच्छलाबाईही हसली, पण तिला जरा बरं वाटलं होतं. आपण या कामावर नुसत्या घ्यायला आलो नाही, देणाऱ्यातल्याही आहोत, असं तिला वाटलं. तिनं पदर नीट केला.

"आन् येवढ्यानं भागतं?" बन्सीनं विचारलं.

"नाही भागत. यंदा तर मुळीच नाही. मग सरकार कर्ज काढतं."

"फेडतं कोन?"

"आपणच. तुम्ही, मी, पुढची माणसं. आज ना उद्या करातूनच जातं ते."

बन्सी थोडा वेळ चिंधीची गाठ चाळवत बसला. "म्हंजे माती आपली, डोकं आपलं, अन् कर्ज बी आपलंच."

"आणि पाणीही आपलंच की," वैजनाथ हसून म्हणाला.

"आमच्या शेताला चढंल ते पानी?"

 पाझर तलावाचं पाणी खालच्या अंगाला मुरतं. कडूबाचं शेत पाळीच्या वर, काठावर, बुडणार नाही इतक्या उंचीला. वैजनाथनं डब्याचं झाकण लावलं. "वरच्या अंगाला... कमी फायदा होतो," एवढंच तो म्हणाला.

 त्या दुपारी कडूबानं कुदळ नेहमीपेक्षा जोरात मारली, आणि बन्सी बापाकडं बघत राहिला.

उन्हाळ्याच्या तोंडाला कुदळीखाली ठिणगी उडाली. मुरूम लागला होता. कडूबानं दोन पावलं सरकून मारली, तिथंही तेच. वैजनाथनं हात वर करून थांबवलं, माती पुरेशी झाली होती. शेवटची मापं घेतल्यावर ते मधले खांबही काढायचे होते. तुरीच्या खुंटाचा खांब वच्छलाबाईच्या वाट्याला आला. तिनं तो वरून खाली, थोडा थोडा, विळ्यानं भाजी चिरावी तसा उतरवला आणि स्वतःच घमेल्यात भरून नेला. दुसऱ्या कुणाला तिनं हात लावू दिला नाही. परत येऊन ती रिकाम्या शेतात उभी राहिली, तेव्हा तिला आपण कुठं उभ्या आहोत ते सांगता येईना.  ती तिथंच खाली बसली.

यानंतर कडूबा खताच्या गाड्यांची वाट बघायला लागला.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, तो खरंच वाट बघायचा. सकाळी उठून वाटेवर नजर. पाळ पुरी झाली, उतारावर वरचा थर पसरला, रोलर फिरून गेला, बरीच माणसं दुसऱ्या कामावर गेली. वाटेनं टँकर यायचा, जीप यायची. वळवाचे ढग यायला लागले तसा तो दिवसातून दोनदा वाटेवर जाऊन यायला लागला. पेरणीच्या आत खड्डा भरायचा असतो. एवढी मोठी पाळ बांधणारं सरकार एवढी साधी गोष्ट विसरेल, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"जाऊन इचारा," वच्छलाबाई म्हणायची.

"मागायचं नसतं."

शेवटी तीच गेली. वैजनाथ पाळीवर दगड बसवून घेत होता. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि बाजूला बघत विचारलं, "सायेब, गाड्या कव्हा येनार?"

"कसल्या गाड्या, मावशी?"

"खताच्या. आमच्या खड्ड्याच्या."

त्याला कळलंच नाही. तिला सगळी रीत समजावून सांगावी लागली. जे आजवर गावात कुणी कुणाला तोंडानं सांगितलं नव्हतं, ते तिनं उन्हात उभं राहून परक्या माणसाला सांगितलं, आणि सांगता सांगता तिला लाजेनं घाम फुटला. वैजनाथचा चेहरा पडला.

"मावशी, बुडीत जमिनीला मोबदला असतो. तुमची बुडाली नाही. मामांनी माती आपणहून दिली. सरकारात दिलेल्या मातीला... असं काही नसतं हो." मग हळू आवाजात म्हणाला, "मला तेव्हा माहीत असतं तर मी त्यांना विचारून काहीतरी ठरवलं असतं."

तिथून ती तडक आप्पासाहेबांच्या वाड्यावर गेली. आप्पासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला ओसरीवर बसायला सांगितलं, ती बसली नाही.

"वच्छला, माती मी नेली आसती तर गाड्या टाकल्या आसत्या. पर नेली सरकारनं."

"पानी तर तुमच्या हिरीला येनार."

"माह्या येकट्याच्या का? खालच्या समद्या हिरीला येनार. ते गावाचं हाय. गावानं खत टाकावं तर गाव म्हंजे कोन? कुनाला सांगू मी?" ते खरंच विचारात पडले होते. "तूच सांग, कुनाला सांगू?"

तिला नाव घेता येईना. सगळ्यांनाच थोडं थोडं मिळणार होतं, त्यामुळं एकाचंही नाव घेता येत नव्हतं. ती घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "गाड्या यायच्या नायत." कडूबानं मान हलवली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाटेवर बघतच होता.

त्र्याहत्तरचा पाऊस लवकर आला आणि चांगला आला. ओढा दोन्ही काठ भरून वाहिला, तलाव चढायला लागला. पाळ तसूभर हलली नाही. आप्पासाहेबांनी पाण्याची पूजा केली, वाजंत्री लावली, कडूबाला पुढं बोलावून त्याच्या हातात नारळ दिला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कडूबा नारळ घेऊन उभा राहिला. फोडायचा का घरी न्यायचा, ते कुणी सांगितलं नाही. शेवटी त्यानं तो परत ताटात ठेवला.

खालच्या विहिरींना पाणी फुटलं. बाया हंड्यांनी पाणी नेताना पाळीला हात लावून पाया पडायच्या. वच्छलाबाईही त्याच विहिरीचं पाणी न्यायची. पाणी गोड होतं, हे तिनं स्वतः कबूल केलं.

कडूबानं मुरमात पेरणीची पाभर चालवली. घरची बियाणाची ज्वारी दुष्काळात केव्हाच पोटात गेली होती. भागूबाईनं वर्षानुवर्षं एकेक कणीस निवडून राखलेलं ते बी. म्हातारीनंच एका रात्री मडकं फोडून ते दळायला दिलं होतं. म्हणून पंचायतीतून आणलेलं हायब्रीड पेरलं. उगवलं. घोट्याएवढं झालं आणि दोन उन्हांत पिवळं पडलं. कडूबा रोज जाऊन बघायचा, खाली वाकून एखादं रोप सरळ करायचा. पोळ्यापर्यंत रानात नुसता मुरूम राहिला, पांढराफटक.

पीक पाहणीला तलाठी आला. दुष्काळात थांबवलेला सारा यंदा भरावा लागेल, असं त्यानं सांगितलं.

"ह्या वावराचा बी?" कडूबानं विचारलं.

"जमीन आहे ना जागेवर?"

"जमीन हाय. माती नाय."

तलाठ्यानं शेताकडं बघितलं, मग कडूबाकडं. "ही जमीन पहिल्या प्रतीची काळी म्हणून लागलेली आहे. ती प्रत मला बदलता येत नाही. सारा प्रतीवर असतो." मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "असं बघ, तू भरतोस त्यातूनच ही कामं होतात. फुकट का जातं? समोर तलाव दिसतोय की भरलेला."

कडूबानं वळून तलावाकडं बघितलं. पाण्यावर ऊन चमकत होतं, बगळे बसले होते. फुकट गेलं नव्हतं, हे त्यालाही दिसत होतं. 

त्या आठवड्यात बन्सी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला निघून गेला. जाताना बापाला म्हणाला, "दादा, मुरमात काय ठिवलंय?" त्यात राग नव्हता. राग असता तर कडूबा ओरडला तरी असता. भागूबाईनं नातवाच्या तोंडावरून हात फिरवला आणि भिंतीकडं तोंड करून निजली. ती त्या दिवशी जेवली नाही.

एक गोष्ट तेवढी या घराकडं राहिली होती. पाळीच्या बाहेरच्या उतारावर शेताचा वरचा थर पसरला होता, आणि त्यात जुन्या खळ्याच्या जागेची माती होती. खळ्यावर सांडलेलं, भेगांत गेलेलं, मुंग्यांनी नेलेलं घरच्या ज्वारीचं बी त्यात निजून होतं. पावसाबरोबर ते उतारभर उगवून आलं. वच्छलाबाईनं पाणी आणताना ते आधी पाहिलं. पानं बघूनच तिला कळलं. तिनं हंडा खाली ठेवला, चार रोपांना हात लावला आणि धावत घरी येऊन सासूला सांगितलं, "आत्याबाई, आपली ज्वारी हाय! आपल्या घरची!"

म्हातारीला पाठीवर घेऊन कडूबा पाळीवर गेला. तिनं ज्वारीचं ताट हातानं चाचपलं, पेरं मोजल्यासारखी बोटं फिरवली. "व्हय," ती म्हणाली. "हीच." आणि रडली. बी असलं म्हणजे घर हलत नाही, असं ती नेहमी म्हणायची. मुरूम असो नाहीतर बटईची जमीन, घरचं बी असलं की माणूस पुन्हा उभा राहतो. गावानंही त्या पिकाला हात लावला नाही. कुणाचं जनावर उताराला लागलं तर लोक हाकलायचे, "कडूबाचं हाय ते," म्हणून. वच्छलाबाई रोज संध्याकाळी जाऊन पाखरं राखायची. ज्वारी छातीएवढी झाली, पोटऱ्यात आली, कणसं बाहेर पडली. दाण्यात दूध भरलं. आणखी पंधरवडा मिळाला असता तर बी धरलं असतं.

भाद्रपदाच्या शेवटी पुन्हा पावसानं झोडपलं आणि तलाव काठोकाठ झाला. वैजनाथ सायकलवर भिजत आला. पाळीवरून चालत गेला, उताराकडं बघून जागीच थांबला. मग कडूबाच्या घरी येऊन दारात उभा राहिला.

"मामा, ती ज्वारी काढायला लागेल. आजच."

"आजून दूध हाय, सायेब," वच्छलाबाई म्हणाली. "पंधरा दिस थांबा. मंग आमीच काढतो."

"थांबता आलं असतं तर थांबलो असतो, मावशी. कणसासाठी उंदीर येतात, बिळं करतात. तीन ठिकाणी मला बिळं दिसली. मुळांच्या वाटेनं पाणी आत शिरतं. तलाव तुडुंब आहे. पाळ फुटली तर खालची वस्ती झोपेत जाईल." त्याच्या चष्म्यावर पाणी होतं, तो पुसत नव्हता. "मी दुसरी माणसं लावू शकतो. पण तुम्हाला न सांगता काढायला मला जमेना. मजुरी मिळेल."

मजुरी हा शब्द ऐकून वच्छलाबाईनं डोळे मिटून घेतले.

कडूबा उठला, विळा घेतला, पुन्हा ठेवला. उपटायचं होतं, कापायचं नव्हतं. "चल," तो बायकोला म्हणाला.

दोघं वरून खाली उपटत आले. ओल्या मातीतून ज्वारी सहज येत होती, प्रत्येक ताटाबरोबर मुळांचा झुबका आणि त्याला धरून बसलेली काळी माती. कडूबा माती झटकायचा, भोक पायानं दाबायचा, पुढं सरकायचा. वैजनाथही खाली उतरला आणि उपटायला लागला. आप्पासाहेबांनी गडी पाठवले.  कोवळी कणसं चिखलात पडत होती आणि त्यांतून पांढरं दूध निघत होतं.

अंधारायला आलं तेव्हा पायथ्याची एक ओळ राहिली होती.

वच्छलाबाई तिच्या पुढ्यात उभी राहिली. "सायेब, हितं कुठं उंदीर हाय? येवढी राहू द्या. बियापुरती."

वैजनाथनं कडूबाकडं बघितलं. "मामा, तुम्हीच बघून सांगा. तुम्ही म्हणाल तर राहू दे."

कडूबा गुडघ्यावर बसला. त्याला ती ओळ राहायला हवी होती. कधी नव्हे एवढी हवी होती. त्यानं बुंध्याशी अंगठा रोवला आणि काढला. अंगठ्याच्या खळीत हळूहळू पाणी भरून आलं. ते पावसाचं नव्हतं. पाळीच्या आतून येत होतं. मग त्यानं पहिलं ताट धरलं आणि उपटलं.

वच्छलाबाई किंचाळली. वर्षभरात ती पहिल्यांदाच ओरडून रडली. तिनं शेवटचा झुबका दोन्ही हातांनी कवटाळला आणि सोडेना. वैजनाथनं तोंड फिरवलं. कडूबानं तिची बोटं एकेक करून सोडवली, ताट ओढून घेतलं, आणि मुळांची माती तिच्या मुठींत राहिली. ती माती तिनं पदरात घेतली, गाठ मारायला लागली.

"हितंच टाक," कडूबा म्हणाला.

"मूठभर हाय. तुळशीला घालीन."

"लोकं निजत्यात खाली, बन्सीच्या माय. ही माती आता पाळीची हाय. टाक हितं."

तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग गाठ सोडली. माती त्या ओल्या भोकात ओतली, पदर झटकला, आणि अनवाणी टाचेनं ती दाबून बसवली.